उशीर कुठे झाला?

(आदिवासी सेवा विभागाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘आदिवासी भागातील आरोग्यसेवा आणि मंडळीची जबाबदारी’. विषय मोठा आहे. त्यातला एकच कोपरा मी आज धरणार आहे, तो म्हणजे आजार ओळखायला झालेला उशीर. दवाखान्यात पोहोचायला होणाऱ्या उशिराबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत. रस्ता नव्हता, नाल्याला पूर होता, झोळी करून बाईला खांद्यावर आणले, हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. मी बोलणार आहे ते पोहोचल्यानंतरच्या उशिराबद्दल. माणूस खाटेवर आहे, सलाईन चालू आहे, डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन जातात, बिल वाढते आहे, आणि आजाराचे नाव मात्र कुणी घेत नाही. मग एके दिवशी माणूस जातो. आपण सांत्वनाला जातो आणि म्हणतो, देवाची इच्छा.

हे वाक्य मी डोंगरातल्या झोपड्यांत ऐकले आहे आणि शहरातल्या फ्लॅटमध्येही ऐकले आहे. दुःखात बुडालेल्या माणसाने ते म्हटले तर मी मान खाली घालते. तो त्याचा विश्वास आहे आणि त्याला तो आधार आहे. पण आपण, म्हणजे बाहेरून आलेले, शिकलेले, कागद वाचता येणारे लोक, ते वाक्य फार लवकर म्हणतो. बायबल कॉलेजात देवाच्या इच्छेवर आमचे कितीतरी तास झाले. पाव तासात होणारी रक्ताची तपासणी राहून गेली, तर तिचा हिशेब देवाच्या नावावर लिहावा, असे तिथे आम्हाला कुणी शिकवले नव्हते.

पाव तास मी उगीच म्हटले नाही. मलेरियाची किट असते, बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टीवर टाकायचा, पंधरा-वीस मिनिटांत उत्तर. ही किट आज आपल्या भागातल्या आशाताईंच्या पिशवीत असते. आणि फाल्सिपेरम जातीचा मलेरिया असला तर काही दिवसांत माणूस दगावू शकतो. एका बाजूला पाव तास, दुसऱ्या बाजूला मोजके दिवस. मधल्या काळात कुणीतरी ‘मलेरिया तर नसेल?’ एवढे विचारायचे असते.

हे फक्त आदिवासी माणसाचे होते असे समजू नका. हैदराबादचा एक खटला आहे. जुलै २००२ मध्ये एका बाईंना थंडी वाजून ताप येत होता म्हणून खासगी रुग्णालयात दाखल केले. उपचार झाले टायफॉइडचे. चौथ्या दिवशी प्रकृती फारच ढासळली म्हणून दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात हलवले, तिथे मलेरिया निघाला आणि त्याच दिवशी त्या गेल्या. त्यांचे पती कोण होते? सरकारच्या मलेरिया खात्यातच अधिकारी होते. ज्या माणसाचे आयुष्य मलेरियाच्या कामात गेले, त्याच्या घरात हे घडले. ते गप्प बसले नाहीत. जिल्हा ग्राहक मंचाने त्यांना २ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. राज्य आयोगाने ती काढून घेतली, तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष नाही म्हणाले. राष्ट्रीय आयोगानेही तेच धरले. शेवटी मार्च २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा आदेश पुन्हा कायम केला आणि सांगितले की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही. जिथे चूक उघड दिसते तिथे ती बघायला तज्ज्ञ कशाला?

आठ वर्षे लागली. शिकलेला, सरकारी नोकरीतला, आजाराची माहिती असलेला माणूस, त्याला आठ वर्षे लागली. आता आपल्या पाड्यावरचा माणूस डोळ्यांपुढे आणा.

त्याच्या बाबतीत काय होते ते सांगते. ही हकिकत एका पावरा कुटुंबाची आहे. सातपुड्यातले कुटुंब आहे, आईवडिलांनी सांगायला परवानगी दिली आहे, नावगाव मी सांगणार नाही. दवाखान्याचेही सांगणार नाही, कारण प्रकरण चालू आहे.

मुलगी आश्रमशाळेत सातवीत होती. हुशार होती, कबड्डी खेळायची. दर पावसाळ्यात तिचे हातपाय आणि पाठ असह्य दुखायची. दोन-तीन दिवस ती उठायची नाही, मग हळूहळू बरी व्हायची. डोळे कधीकधी पिवळसर दिसायचे. घरच्यांनी आधी भगताकडे नेले, याबद्दल आपण नाक मुरडतो; पण त्यानंतर तीन वर्षांत तिला तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडेही नेले होते. एकाने सांधेवात सांगितला, एकाने कावीळ, एकाने अंगात रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. प्रत्येकाने आपापल्या दिवसापुरते बरोबर पाहिले. सांधे दुखत होते, डोळे पिवळे होते, रक्त कमी होते. तिन्ही एकत्र ठेवून कुणी पाहिले नाही.

चौथ्या पावसाळ्यात ताप आला, छातीत दुखायला लागले, धाप लागली. तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात दाखल केले. निमोनिया म्हणून चार दिवस इंजेक्शने चालली. आई पावरीत डॉक्टरांना सांगत होती की हिच्या हाडात कुणीतरी मुसळाने कुटतंय, आणि हे दर पावसाळ्यात होतं. वॉर्डबॉयने मराठीत सांगितले, ‘अंग दुखतंय म्हणते.’ झाले. मुसळ गेले, पावसाळा गेला, आणि तीन वर्षेही गेली. डॉक्टरांच्या केसपेपरवर उरले ‘अंगदुखी’.

पाचव्या दिवशी श्वास फारच वर लागला तेव्हा जिल्ह्याला न्यायला सांगितले. तिथे ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने खाटेशी येऊन पहिला प्रश्न विचारला, ‘सिकलसेलची तपासणी कधी झाली आहे का?’ आणि दुसरा, ‘घरात आणखी कुणाला असं होतं का?’ ऑक्सिजन लावला, रक्त मागवले, नमुना तपासायला पाठवला. सिकलसेल निघाला. सिकलसेलच्या रुग्णाला छातीचा असा झटका येतो, तो वरून निमोनियासारखाच दिसतो, पण नुसत्या इंजेक्शनांवर त्यात भागत नाही. ऑक्सिजन लागतो, पुष्कळदा रक्त द्यावे लागते आणि तेही वेळेत. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी गेली.

मी तिथे पोहोचले तेव्हा वडील जिन्यापाशी बसले होते. नंतर शाळेत गेले, तिचे सामान आणायला. तिच्या पत्र्याच्या पेटीत, वह्यांच्या खाली, एक घडी घातलेला कागद होता. आदल्या वर्षी शाळेत झालेल्या तपासणीचा. त्यावर लिहिले होते, सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह.

जरा थांबून हे समजून घेऊ, कारण आपल्या मंडळीतल्या आश्रमशाळांवर, वसतिगृहांवर काम करणाऱ्यांना ते कामाचे आहे. सोल्युबिलिटी ही पहिली चाळणी. रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे एवढे ती सांगते. मूल नुसते वाहक आहे की प्रत्यक्ष आजारी, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते. वाहक मूल सहसा ठणठणीत असते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल जन्मण्याची शक्यता चारात एक असते. यात आईचा दोष नाही, वडिलांचाही नाही, कुळाचा शाप नाही. त्या घरात सासूने सुनेला बोल लावलाच, तेव्हा आम्हाला खडूने जमिनीवर चार गोल काढून हे दाखवावे लागले.

हा आजार काही नवा नाही. जगात १९१० पासून त्याचे वर्णन आहे, भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये १९५२ सालीच तो आढळला. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असे त्यात ठरले आहे. चांगले आहे, त्यासाठी आपण प्रार्थनाही करू. पण तपासणी झाली आणि कागद पेटीत राहिला, तर त्या ७ कोटींत एक आकडा वाढला एवढेच. कागद डॉक्टरच्या टेबलावर यायला पाहिजे.

आता डॉक्टरांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. मी त्यांच्याविरुद्ध सभा घ्यायला आलेले नाही. उशिरा झालेले प्रत्येक निदान म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. काही आजार खरोखरच फसवतात. मण्यार चावते तेव्हा खूण दिसतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, त्याला पोटदुखीचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले जाते, आणि मग पापण्या मिटायला लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात एका डॉक्टरपुढे बाजाराच्या दिवशी किती रांग असते ते आपण पाहिले आहे. कायदाही हा फरक करतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की साधारण कौशल्याच्या डॉक्टरने केले असते तेवढे केले की नाही, हे बघायचे. फार हुशार डॉक्टरला सुचले असते ते यालाही सुचायला हवे होते, अशी अपेक्षा धरायची नाही. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा तर चूक फारच मोठी असल्याशिवाय लावायचा नाही.

पण सातपुड्याच्या पायथ्याशी दवाखाना चालवणाऱ्याने, दर पावसाळ्यात हाडे दुखणाऱ्या, रक्त कमी असलेल्या आदिवासी मुलीला सिकलसेलबद्दल विचारावे, ही अपेक्षा फार हुशारीची आहे का? मला तसे वाटत नाही. दवाखान्याचे म्हणणे आहे की दिसले त्यावर त्यांनी उपचार केले. ते त्यांनी आयोगापुढे मांडले आहे, तो त्यांचा हक्क आहे. आणि हे आपल्या मिशन दवाखान्यांनाही लागू आहे, हे विसरू नका. भिंतीवर वचन लावले म्हणून निदान आपोआप बरोबर होत नाही.

आयोगापर्यंत प्रकरण कसे गेले ते सांगते, कारण त्यात शिकण्यासारखे आहे. वडील कागद मागायला गेले तेव्हा त्यांना सांगितले, ‘आता माणूसच गेला, कागद घेऊन काय करणार?’ असेच उत्तर मी चार-पाच ठिकाणी ऐकले आहे. खरे तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात, आणि दाखल रुग्णांची नोंद तीन वर्षे जपून ठेवावी लागते. आम्ही एक साधा अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या, एका प्रतीवर शिक्का घेतला. कागद मिळाले. भांडण करावे लागले नाही, आवाज चढवावा लागला नाही.

त्या कागदांत पहिल्याच दिवशीची नोंद आहे: हिमोग्लोबिन ६. पुढे त्याबद्दल एक अक्षर नाही. चार दिवसांच्या नोंदींत सिकल हा शब्द कुठेही नाही. उशीर कुठे झाला ते अशा कागदावर बोट ठेवून दाखवता येते. आपल्याला वाटते उशीर म्हणजे धुके, काही हाती लागत नाही. तसे नसते. त्याला तारीख असते आणि वेळही असते.

पैसे भरून उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ सालीच ठरले आहे. आता २०१९ चा नवा कायदा आहे. दवाखान्याला दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोगात फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि आपल्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पहिले वर्ष दुःखात जाते, दुसरे मजुरीला गुजरातेत जाते. जिथे कुणालाच पैसे लागत नाहीत अशा सरकारी रुग्णालयाला हा कायदा लागत नाही. पण तिथेही दार बंद नाही. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका शेतमजूर संघटनेच्या प्रकरणात, रेल्वेतून पडलेल्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि सरकारला भरपाई द्यायला लावली.

कुणी म्हणेल, ख्रिस्ती माणसाने कोर्टकचेरी करावी का? क्षमा नाही का करायची? हा प्रश्न मला आपल्याच एका वडीलधाऱ्यांनी विचारला. मी म्हटले, क्षमा आईने करायची आहे, तिची तिने ठरवावी. तिच्या वतीने आपण क्षमा वाटत फिरू नये. शिवाय त्या बाईने पैसे मागितलेले नाहीत. तिने मला एवढेच विचारले होते, ‘पहिल्याच दिवशी कळलं असतं तर वाचली असती का?’ या प्रश्नाचे खरे उत्तर मिळणे हा तिचा हक्क आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात बेथेसदाच्या तळ्याकाठचा माणूस आहे. अडतीस वर्षे आजारी. त्याच्यावर आपण उपदेश ऐकतो ते बहुतेक विश्वासाबद्दल. पण येशूने विचारल्यावर तो माणूस काय सांगतो ते बघा. तो आजाराबद्दल बोलतच नाही. तो म्हणतो की मला तळ्यात सोडायला माझे कुणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच उतरतो. उपचाराची जागा चार हातांवर आहे आणि सोबत कुणी नाही. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी दहाला जाऊन उभे राहा, असे तळे रोज भरलेले दिसेल.

म्हणून माझे मागणे मंडळीकडे पैशाचे नाही, निदान आज तरी नाही. मला सोबती हवेत. पावरी, भिली, कोकणी बोलणारी आपली तरुण मुले आहेत, दहावी-बारावी झालेली. त्यांनी महिन्यातून दोन दिवस रुग्णासोबत जायचे. आई जे सांगते ते सगळे, मुसळासकट, डॉक्टरांना सांगायचे. आधीच्या गोळ्यांची पाकिटे, जुने रिपोर्ट, शाळेचे कार्ड एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून टेबलावर ठेवायचे. आणि नम्रपणे दोन प्रश्न विचारायचे: साहेब, आजाराचे नाव काय? आणि फरक पडला नाही तर कोणत्या दिवशी पुढे न्यायचे? बस. डॉक्टरांना शिकवायचे नाही. आणि तिथे पत्रिका वाटायच्या नाहीत, ही माझी कडक अट आहे. रुग्णाच्या खाटेशी आपण सोबती म्हणून जायचे, दुसऱ्या कशासाठी नाही. ज्याला हे जमणार नाही त्याने दुसरी सेवा निवडावी.

इथे बसलेल्या सिस्टरांना एक सांगायचे आहे. महाराष्ट्रातल्या किती वॉर्डांत आपल्या मंडळ्यांच्या मुली पांढऱ्या गणवेशात उभ्या आहेत हे मला माहीत आहे, माझी मावशी त्यातलीच. रुग्ण घसरतोय हे सगळ्यात आधी तुम्हाला दिसते. डॉक्टरांपुढे बोलणे अवघड असते, नोकरी असते, कंत्राट असते. पण नाडी, श्वास, ऑक्सिजन वेळेसह लिहिणे आणि ‘डॉक्टरांना कळवले’ असे वेळेसह लिहिणे तुमच्या हातात आहे. त्या मुलीच्या कागदांत तिसऱ्या रात्री अडीच वाजता एका सिस्टरने असे लिहून ठेवले आहे. ती कोण, मला माहीत नाही. तिची ती ओळ आज आयोगापुढे आहे.

आणि त्या घरातली एक गोष्ट राहिली. मुलीच्या धाकट्या भावाची तपासणी आम्ही त्याच महिन्यात करून घेतली. तोही सिकलसेलचाच रुग्ण निघाला. त्याला हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिड चालू आहे, अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढायचे काम चालू आहे. २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे हे बऱ्याच मुख्याध्यापकांनाही माहीत नसते. गेल्या पावसाळ्यात तो एकदा दुखला. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी त्याच दिवशी फाइल काखेत मारली आणि त्याला घेऊन थेट जिल्ह्याला गेले. चौथ्या दिवशी तो परत शाळेत आला.

सोबती म्हणून ज्यांना यायचे आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मागच्या टेबलावर नाव, भाषा आणि कोणता वार मोकळा आहे ते लिहून द्यावे. फाइली आणल्या आहेत, वसतिगृहांच्या अधीक्षकांनी मुलांच्या संख्येप्रमाणे घेऊन जाव्यात. आणि कुणाकडे गाडी असेल तर मला भेटा; पुढच्या महिन्यात आयोगाची तारीख आहे, आईवडिलांना पहाटे चारला पाड्यावरून निघावे लागते.